हात धुवायच्या साबणाचे डिस्पेन्सर: गळके, कोरडे आणि डोळ्यात उडणारे

कार्यालयवाले

लग्नसराई आटोपली, आता डागडुजीचे दिवस. तालुक्याच्या गावी आमचं मंगल कार्यालय आहे. जेवणघराबाहेर बेसिनची रांग, वर आरसा, आणि दर दोन बेसिनमध्ये साबणाचा एक पांढरा प्लॅस्टिकचा डबा, त्याला पुढून दाबायचं बटण. हे सगळे डबे काढून टाकायचेत. एकही धड नाही. काही अखंड गळतात, काही कितीही दाबा, ढिम्म. एकाचं तर नुसतं बटणच कुणीतरी खिशात घालून नेलं. गळक्या डब्यांखालची फरशी इतकी निसरडी होते की यंदा एका लग्नात वरबाप घसरलेच होते, व्याह्यांनी दंड धरला म्हणून निभावलं.

दुकानदार म्हणतो सेन्सरवाले घ्या. मुलगा म्हणतो फोमवाले. सौ. म्हणते पंपाच्या बाटल्या ठेवा. बाटल्या दोन पंगतींत गायब होतात हे तिलाही ठाऊक आहे.

एक गोष्ट मात्र मी या वर्षी मुद्दाम बेसिनपाशी उभं राहून पाहिली. पंगत उठली की माणूस उजवा हात अधांतरी धरून येतो. बोटांना वरण, तूप, जिलबीचा पाक. नळ डाव्या हाताने सोडतो, बटणही डाव्यानेच दाबायला जातो. पण साबण पडतो बटणाच्या बरोबर खाली, आणि डबा असतो उजव्या अंगाला. मग डावा हात छातीवरून आडवा न्यायचा, उजवा त्याच्याखाली धरायचा आणि कोपर शेजारच्याच्या पोटात घालायचं. दोन पाहुण्यांना हे जमतं, तिसरा वैतागून खरकट्या हातानेच बटण दाबतो. संध्याकाळपर्यंत सगळी बटणं हळदीने पिवळी. हे डबे ज्याने बनवले त्याने हाताने जेवणारा माणूस बघितलेला नसणार.

तर जाणकारांनी सांगा, काय घ्यावं आणि कुठे बसवावं?

भोसरीकर

मोल्डिंगच्या धंद्यात आहे. असल्या डब्यांचे सुटे भाग आमच्याकडे होतात म्हणून लिहितो.

आधी बाटलीचा पंप घ्या. त्यात दोन झडपा असतात. खालची म्हणजे बहुतेक वेळा एक छोटी गोळी, वरची दट्ट्यापाशी. वरून दाबलं की खालची गोळी बसते, साबण चोचीतून बाहेर. सोडलं की स्प्रिंग दट्ट्या वर उचलते, वरची झडप मिटते, खालची गोळी उठते आणि नळीतून नवा साबण वर येतो. एका दाबाला साधारण एक ते दोन मिली. साबण बाटलीत खाली असतो, त्यामुळे झडप थोडी झिजली तरी फार तर दोनदा जास्त दाबावं लागतं. गळत नाही.

तुमच्या भिंतीवरच्या डब्यात सगळं उलटं आहे. साबण वर, तोंड खाली. साबण खाली यायला टपलेलाच असतो, त्याला अडवतं कोण? चिरा दिलेली एक सिलिकॉनची टोपी, आणि साबणाचा स्वतःचा दाटपणा. यातला दुसरा पहारेकरी फार महत्त्वाचा. साबण पातळ झाला की कितीही भारी टोपी बसवा, गळणार. उलट साबण फार दाट असेल आणि डबा दोन महिने वापराविना राहिला, तर चिरेत पापुद्रा धरतो आणि डबा ढिम्म.

म्हणून पहिला प्रश्न: तुमची माणसं साबणात पाणी घालतात का?

फोमच्या पंपात साबणासोबत हवाही ओढली जाते आणि दोन्ही बारीक जाळीतून ढकलून फेस करतात. साबण लागतो पाण्यासारखा पातळ, आणि एका दाबाला मिलिलिटरच्या आतच खपतो. पण त्यात नेहमीचा दाट साबण ओतला की जाळी बसलीच म्हणून समजा. जो माणूस डबा भरतो त्याला हे सांगायला तुम्ही रोज तिथे असणार का, हे ठरवा आणि मगच फोम घ्या.

जाता जाता धंद्यातला एक किस्सा. १९८० साली अमेरिकेत मिनेटोंका नावाच्या लहानशा कंपनीने ‘सॉफ्टसोप’ हा बाटलीतला साबण देशभर आणला. मालक रॉबर्ट टेलर. साबण पातळ करून बाटलीत भरणं कुणालाही जमलं असतं आणि मोठ्या कंपन्या चार महिन्यांत तेच करतील हे त्याला कळत होतं. मग त्याने साबणाचं पेटंट वगैरे भानगडीत न पडता पंप अडवले. हा पंप बनवणारे तेव्हा तिथे दोनच कारखाने होते. दोघांना मिळून १० कोटी पंपांची ऑर्डर दिली, १ कोटी २० लाख डॉलरची. मोठ्या कंपन्यांकडे साबण तयार, पण वरती लावायला पंप नाही. १९८७ मध्ये कोलगेट-पामोलिव्हने शेवटी तो ब्रँडच विकत घेतला. आमच्याकडे नवीन पोरगं कामाला लागलं आणि ‘नुसता पंपच तर आहे’ म्हणालं की मी त्याला हे ऐकवतो.

कार्यालयवाले

भोसरीकर, घालतात हो पाणी! पाच लिटरच्या कॅनचे सात लिटर होतात. सांगून दमलो. त्यांचं म्हणणं, नाहीतर दुपारच्या पंगतीलाच संपतो आणि मग शिव्या आम्ही खायच्या. तेही खोटं नाही.

सिस्टर_नाशिक

पाण्याचा प्रश्न गळण्यावर थांबत नाही. मी रुग्णालयात संसर्ग नियंत्रणाचं काम बघते. बाटलीतल्या साबणात जंतू वाढू नयेत म्हणून परिरक्षक घातलेलं असतं, आणि ते मोजून घातलेलं असतं. पाणी ओतलं की ते पातळ होतं आणि साबणातच जंतू घर करतात. ‘साबणात कसले जंतू’ असं म्हणणारे शिकलेले लोकही मला भेटतात. सेराशिया नावाचा जंतू साबणाच्या डब्यांतून वॉर्डात पसरल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

अमेरिकेत एका प्राथमिक शाळेत झालेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथले वरून भरायचे सगळे डबे दूषित निघाले, आणि त्या साबणाने हात धुतल्यावर मुलांच्या आणि शिक्षकांच्या हातांवर ग्रॅम-निगेटिव्ह गटातले जंतू कमी व्हायच्या ऐवजी २६ पट झाले होते.

म्हणून आमच्याकडे नियम एकच: अर्ध्या डब्यात वरून भर घालायची नाही. डबा पूर्ण रिकामा करायचा, धुवायचा, सुकवायचा, मग नवा साबण. अमेरिकेच्या सीडीसीच्या, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या, सूचनांतही हेच आहे. तुमच्या भिंतीवरचा डबा धुवायला काढता येतो का ते बघा. येत नसेल तर तो गळो न गळो, बादच करा. शक्य असेल तर आत सीलबंद पिशवी बसते तसला घ्या, ज्यात पिशवीबरोबर चोचही नवी येते. पिशवी संपली की चोचीसकट फेकायची, आत हात घालायचा प्रश्नच नाही.

वडीवाला

एवढं सगळं करण्यापेक्षा साबणाची वडी काय वाईट होती? १९८८ चा एक अभ्यास आहे. वड्यांना मुद्दाम जंतू फासले, लोकांना त्यांनी हात धुवायला लावले, आणि हातांवर ते जंतू सापडले नाहीत. म्हणजे ज्या वडीला आपण नाकं मुरडतो ती निर्दोष, आणि ‘हायजिनिक’ म्हणून भिंतीवर लावलेला डबा दोषी.

सिस्टर_नाशिक

वडीवाले, अभ्यास खरा आहे, फक्त तो करणारे साबणाच्या वड्या विकणाऱ्या कंपनीतले होते. आणि मी वर सांगितलेल्या शाळेच्या अभ्यासात सीलबंद साबण विकणाऱ्या कंपनीची माणसं होती, तेही सांगून टाकते. आकडे म्हणून खोटे ठरत नाहीत, पण कुणाला कुठला प्रश्न पडला हे कळतं.

घरी वडी ठेवायला माझी काही हरकत नाही. खाली पाणी निथळेल अशी जाळीची डबी हवी, बशी नको. पण पंगतीनंतर तुपाचे शंभर हात लागलेली वडी एकशे एकावा माणूस उचलणार नाही. जंतू राहिले बाजूला, त्याला किळस येणार.

टवाळ_टाळकुटे

आमच्या ऑफिसातला डिस्पेन्सर सर्वांत सुरक्षित. गळत नाही, तुंबत नाही, जंतू नाहीत. त्यात कधी साबणच नसतो.

मास्तर_माणदेशी

करोनानंतर शाळा उघडल्या तेव्हाचं सांगतो. एका दात्याने आमच्या शाळेला पायाने दाबायचा सॅनिटायझरचा स्टँड भेट दिला. चौकोनी पाइप, पिवळा पावडर कोटिंग, वर दात्याचं नाव बाटलीपेक्षा मोठं. गावोगावच्या वेल्डिंगवाल्यांनी त्या वर्षी असे स्टँड केले आणि कल्पना झकास होती, वाद नाही: पायपट्टी दाबली की आतली सळई वरच्या बाटलीचा पंप ओढते.

पण उंची मोठ्या माणसाच्या कमरेची. पहिलीच्या पोराच्या डोळ्यांसमोर बरोबर ती चोच. पायपट्टी जड, म्हणून पोरगं दोन्ही पायांनी वर चढायचं, तोल सावरायला मान पुढे, आणि फवारा थेट तोंडावर. त्यात जेलची बाटली असली की चोचीवर वाळलेलं जेल साचतं, आणि पुढची धार सरळ न जाता आडवी उडते. दोन पोरं डोळे चोळत रडत आली त्या दिवशी मी स्टँड उचलून हेडमास्तरांच्या खोलीत नेला.

पुढे वाचनात आलं की हे आमच्याच गावचं दुखणं नव्हतं. फ्रान्सच्या विषबाधा केंद्रांनी नोंदी काढल्या, तर २०१९ च्या एप्रिल ते ऑगस्टच्या मानाने २०२० च्या त्याच महिन्यांत लहान मुलांच्या डोळ्यात सॅनिटायझर गेल्याच्या घटना सातपट झालेल्या. कारणही हेच, सार्वजनिक ठिकाणी मोठ्यांच्या कमरेला म्हणजे मुलांच्या तोंडाशी लावलेली यंत्रं. डोळ्यांच्या ज्या वैद्यकीय नियतकालिकात हे आलं, त्यातच भारतातल्या दोन बालकांचीही नोंद होती.

आता आमच्याकडे नळांच्या ओळीत जुन्या नायलॉनच्या जाळीत वडी बांधून टांगली आहे. ओल्या हाताने जाळी चोळली की फेस येतो, वडी चिखलात पडत नाही आणि घरीही जात नाही. खर्च जवळपास शून्य. झिंबाब्वेत निघालेला ‘टिपी टॅप’ही पोरांनी केला होता: काठीला टांगलेला कॅन, पायाने दोरी ओढली की बारीक धार, शेजारी दोरीला साबण. पाणी अगदी थोडकं लागतं, आणि आमच्या तालुक्यात तोच मोठा मुद्दा. साबणाचा खर्च कुणीही देतो हो, टँकर कोण देणार?

कार्यालयवाले, लग्नात लहान पोरं असतातच. एक डबा तरी खाली लावा.

इलेक्ट्रॉन

सेन्सरबद्दल. आत एक इन्फ्रारेड एलईडी असतो आणि शेजारी त्याचा उजेड टिपणारा डोळा. हात खाली आला की उजेड हातावरून परततो, ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त परतला की मोटर फिरते. सगळी मेख त्या मर्यादेत आहे. ती उंच ठेवली तर गडद त्वचेवरून पुरेसा उजेड परतत नाही. २०१७ मध्ये एक व्हिडिओ जगभर फिरला होता: गोऱ्या हाताला साबण मिळतो, काळ्या हाताला नाही, मग त्याच काळ्या हातात पांढरा कागदी रुमाल धरला की लगेच मिळतो. मर्यादा ज्याने ठरवली त्याच्या टेबलाभोवती सगळे हात एकाच रंगाचे असावेत. आणि मर्यादा फार खाली आणली तर चकचकीत स्टीलचं बेसिनच हात समजून यंत्र साबण ओकत राहतं. उघड्यावरचं ऊनही त्याला चकवतं, कारण उन्हातही इन्फ्रारेड असतोच.

तुमच्याकडे त्याहून मोठी अडचण सेलची. बेसिनपाशी कायम ओल, सेलच्या पट्ट्यांवर हिरवी बुरशी चढते. दोन लग्नांच्या मध्ये पंधरा दिवस बंद, आणि मुहूर्ताच्या दिवशी सेल गेलेले. घेऊ नका.

ऱ्हाइनकाठचा_बंडू

जर्मनीत दवाखान्यांतून भिंतीवर एक लांब दांडीचा डिस्पेन्सर दिसतो, दांडी कोपराने दाबायची. आत बसते ठरावीक मापाची बाटली, अर्ध्या किंवा एका लिटरची. गंमत अशी की अनेक कंपन्या साबण आणि सॅनिटायझर त्याच मापाच्या बाटलीत विकतात. आज याचा घ्या, उद्या त्याचा, डबा तोच. उलट काही कंपन्या डबा फुकट देतात आणि आत फक्त त्यांचीच पिशवी बसेल अशी खाच ठेवतात. मग जन्मभर त्यांचाच साबण, ते म्हणतील त्या भावाने. कार्यालयवाले, डबा फुकट मिळत असेल तर आधी पिशवीचा भाव विचारा.

सिस्टर_नाशिक

बंडू म्हणतात तो कोपराचा डबा आमच्याकडेही आहे, स्टरिलियम या निळ्या सॅनिटायझरच्या बाटलीसकट. कार्यालयवाल्यांच्या खरकट्या हाताला तोच योग्य. डाव्या कोपराने किंवा मनगटाने दांडी दाबायची, उजव्या हातात साबण. फक्त तो बेसिनच्या डावीकडे लावा आणि दांडी रुंद घ्या.

आणि सॅनिटायझरचा नाद जेवणघरापाशी नकोच. तुपकट, मळक्या हातांवर अल्कोहोल नीट काम करत नाही. तिथे साबण आणि पाणीच.

वायरमन_दादा

सॅनिटायझरचा विषय निघालाच आहे तर. कित्येक ठिकाणी तो डबा नेमका स्विचबोर्डच्या वर ठोकलेला असतो, कारण तिथे भिंतीत आधीच भोक असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रातलं ८० टक्के इथेनॉलचं द्रावण साडेसतरा अंश सेल्सियसलाच पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. आपल्याकडे साडेसतरा अंश म्हणजे डिसेंबरातली पहाट. अमेरिकेच्या अग्निसुरक्षा नियमांत स्विच वगैरे ठिणगीच्या जागेच्या वर हा डबा लावायला बंदी आहे, आणि दोन डब्यांत चार फुटांचं अंतर लागतं. थेंब थेंब गळून खाली प्लगमध्ये जाणारं सॅनिटायझर मी स्वतः पुसलंय. प्रवेशद्वाराशी लावणार असाल तर बोर्ड टाळा.

सुपरवायझर_ताई

इतकं सगळं वाचलं. डबा वापरणाऱ्याबद्दल सगळे बोलले, भरणाऱ्या बाईबद्दल सिस्टरांनी थोडं आणि भोसरीकरांनी एक वाक्य. मी हाउसकीपिंगच्या बायकांची टीम बघते, म्हणून आमच्या बाजूने.

डबा उघडायला प्लॅस्टिकची दोन दातांची चावी असते. एका कंपनीची दुसऱ्याला लागत नाही. ती असते ऑफिसात, साहेबांच्या ड्रॉवरमध्ये, आणि साहेब जेवायला गेलेले. मग बाई चमच्याच्या दांड्याने झाकण उचकटते, खिट्टी तुटते, आणि नंतर ‘तुम्ही डबे मोडता’ म्हणून ऐकून घ्यायचं.

साबण किती उरलाय हे बाहेरून दिसत नाही. दिसायची खिडकी असते ती बोटभर, आणि तीही धुराटलेली. मग एक एक उघडून बघायचं, किंवा न बघता सगळ्यांत भर घालायची. सिस्टरांचा नियम बरोबर आहे, पण डबा रिकामा कधी झाला ते दिसल्याशिवाय तो पाळणार कसा?

तोंड इतकं लहान की पाच लिटरच्या कॅनमधून ओतताना निम्मा साबण बेसिनमध्ये. फनेल कुणी देत नाही. आणि पाणी घालण्याबद्दल: महिन्याचा साबण ठरवून दिलेला असतो, माणसं मात्र ठरवून येत नाहीत. पाणी बाई घालते, पण घालायला लावतो तो साबणाचा हिशोब.

टवाळ_टाळकुटे

ताई, हा धागा ग्राहकांनी नाही, डबे बनवणाऱ्यांनी वाचायला हवा.

भोसरीकर

वाचतोय एक जण. चावीबद्दल ताई शंभर टक्के बरोबर. आमच्याकडे ड्रॉइंग येतं त्यात चावी शेवटच्या पानावर असते. खिडकीचं सांगतो: पारदर्शक ॲक्रिलिक दिसायला छान, पण अल्कोहोलने त्याला बारीक तडे जातात आणि ते धुरकट होतं. साबणाला चालेल, सॅनिटायझरला नको.

मुळात या डब्याचा जन्मच स्वच्छतेसाठी झालेला नाही. अमेरिकेत ॲक्रन गावी, रबर कारखान्यांच्या कामगारांसाठी, लिपमन दांपत्याने १९४६ मध्ये हाताचं काळं काढणारी क्रीम बनवायला घेतली. त्यांचीच आजची गोजो कंपनी, पुढे प्युरेल हा सॅनिटायझर काढणारी. कारखान्यांची तक्रार आली की कामगार ओंजळभर घेतात, परवडत नाही. मग मोजून माल देणारा डबा त्यांनी काढला, १९५२ चं पेटंट आहे त्याचं. बचत ही पहिली अट होती, आणि आजही ऑर्डर देणारा पहिला प्रश्न तोच विचारतो: एका दाबाला किती? उघडायला किती वेळ लागतो, हे माझ्या आठवणीत एकानेही विचारलेलं नाही.

कार्यालयवाले

सर्वांचे आभार. ठरलं ते असं: कोपराच्या रुंद दांडीचे डबे, बेसिनच्या डाव्या बाजूला, आत कुठल्याही कंपनीची बाटली बसेल असे. एक डबा मुलांसाठी खाली, शेवटच्या बेसिनपाशी. चाव्या बायकांच्याच गळ्यात. बाटल्या अर्ध्या लिटरच्या, म्हणजे भर घालायची वेळच येणार नाही, रिकामी काढायची, भरलेली लावायची. साबणाचा कोटा वाढवतोय, मुलाशी त्यावरून सकाळीच वाजलंय.

भोसरीकर, एक राहिलं. भिंतीला टाइल्स आहेत आणि जुनी भोकं मोकळी झालीत. दांडी कोपराने दाबणार म्हणजे जोर जास्त. डबे उपटून हातात येतील का?

भोसरीकर

येतील. जुन्या भोकांत परत प्लग ठोकू नका. मागे स्टीलची पट्टी टाका, रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच. पट्टी भिंतीला नव्या भोकांत, डबे पट्टीला नट-बोल्टने. पट्टी ३०४ ग्रेडच्या स्टीलचीच घ्या, २०२ ची दिली तर पुढच्या सीझनला गंज ओघळेल. आणि बोल्ट लावणाऱ्याला सांगा, टाइलच्या सांध्यावर ड्रिल नको.

सुपरवायझर_ताई

आणि एक फनेल घ्या!